बाहुल्यांचे सांधे : ढिले आणि आखडलेले

पौष पौर्णिमेस ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें म्हसोबाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजाराबद्दल ही यात्रा प्रसिद्ध आहे. बैल घ्यावयास आलेला जाणता शेतकरी शिंगांच्या रंगास किंवा गळ्यांतील घुंगरांस भुलत नाहीं; तो बैल चार पावलें चालवून पाहतो. पाऊल मोकळें पडतें कीं नाहीं, गुडघा आखडतो कीं काय, मागला पाय ओढला जातो कीं काय, हें पाहिल्याशिवाय सौद्याची गोष्ट निघत नाहीं. चालणाऱ्या वस्तूचें मोल तिच्या सांध्यांवर ठरतें, हा त्यांतील विचार. यात्रा म्हटली कीं खेळण्यांचीं दुकानें आलींच, आणि त्यांत हातपाय हलणारीं बाहुलींहि आलीं. असें बाहुलें हातीं येतांच मूल पहिली गोष्ट करतें ती ही कीं, त्याचा हात वर करून पाहतें. हात वर राहिला तर मूल हंसतें. पडला तर दुकानदाराकडे पाहतें. बैलाची परीक्षा करणाऱ्या बापाचें आणि बाहुल्याची परीक्षा करणाऱ्या पोराचें शास्त्र एकच आहे.

बाहुल्याच्या या सांध्यांचा विचार पोरखेळाचा आहे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. परंतु शहरांतील पुष्कळ घरांत माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या डब्यांत वडिलांच्या लहानपणचे दहावीस सैनिक पडलेले असतात. डबा उघडावा तों एकाचें धड निराळें, पाय निराळे. दुसऱ्याचा हात जागचा हलत नाहीं. तिसरा उभा केला कीं गुडघ्यांत वांकून कोलमडतो. घरांतील माणसें 'मोडले' म्हणतात आणि डबा भंगारवाल्याच्या पोत्यांत जातो. वस्तुतः त्यांतील बरेचसे मोडलेले नसतात. सांध्याचें दुखणें आणि हाडाचें मोडणें यांतील भेद न ओळखल्यामुळें ते घरांतून जातात. उलटपक्षीं एखादा उत्साही गृहस्थ दुरुस्तीस बसतो आणि क्षणार्धांत चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सांध्यांत सोडून तो कायमचा निकामी करतो. ही दुसरी चूक पहिलीहून वाईट. भंगारांत गेलेलें खेळणें निदान दुसऱ्या जाणत्याच्या हातीं लागण्याचा संभव तरी असतो.

आपल्याकडील जुन्या लांकडी ठकीला सांधाच नाहीं. एका ठोकळ्यांतून कोरलेली ती. तिला सांधेदुखी ठाऊक असण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या टोकास कळसूत्री बाहुली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजानें ही कला पिढ्यान् पिढ्या जतन केली असून तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचे सांधे मुद्दाम सैल ठेवावयाचे असतात; सूत्र ओढलें कीं हात उठावा, सोडलें कीं आपल्या भारानें पडावा. म्हणजे ठकी हलत नाहीं, आणि कळसूत्री बाहुली हलते पण राहत नाहीं. हलावें आणि हलविलें तेथेंच राहावें, असें दुहेरी काम ज्याच्याकडून अपेक्षित आहे असें तिसरें बाहुलें अलीकडचें आहे, आणि दुखणीं आहेत तीं मुख्यतः याचीं.

इ. स. १९६४ मध्यें अमेरिकेंत हॅस्ब्रो कंपनीनें 'जी. आय. जो' नांवाचा सुमारें एक फूट उंचीचा सैनिक विक्रीस आणला. मुलगे बाहुलीशीं खेळावयाचे नाहींत, या धास्तीनें त्यास 'बाहुली' न म्हणतां 'ॲक्शन फिगर' म्हटलें गेलें आणि तेंच नांव पुढें साऱ्या जातीस पडलें. १९८२ सालीं याच नांवाचे पावणेचार इंची सैनिक निघाले. १९८७ मध्यें एम. आर. एफ. व हॅस्ब्रो यांच्या भागीदारींतून आपल्याकडे फनस्कूल ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या गोव्यांतील कारखान्यामुळें हे लहान सैनिक भारतीय मुलांच्या हातीं आले. माळ्यावरच्या डब्यांतले सैनिक बहुधा हेच. त्यांच्या निराळ्या रंगसंगतीमुळें परदेशांतील संग्राहकहि आज हे भारतीय नमुने हौसेनें जमवितात. तेव्हां डबा पोत्यांत टाकण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें बरें.

शारीरशास्त्राच्या पुस्तकांत मनुष्याच्या सांध्यांचीं जीं नांवें येतात तींच येथें चालतात. खांदा व मान यांस पुष्कळदां उखळीचा सांधा असतो : एक गोळा आणि त्यास सामावणारी उखळ. गुडघा व कोपर यांस बिजागरीचा सांधा असतो. मनगट किंवा दंड स्वतःभोंवतीं फिरतो तेथें खिळीचा सांधा : एक खुंटी, एक भोंक. या तिन्हींत हात वर तोलून धरणारी शक्ति एकच, ती घर्षण. खुंटी भोंकाच्या भिंतीस जितकी दाबून बसेल तितकें घर्षण अधिक. तें हाताच्या भारापेक्षां अधिक हवें आणि मुलाच्या बोटाच्या जोरापेक्षां कमी हवें. या दोहोंमधील जागा अगदीं चिंचोळी आहे. केंसाच्या जाडीइतकी झीज झाली तरी सांधा ढिला पडतो, आणि तेवढाच रंग भोंकांत उतरला तरी तो आखडतो.

म्हणून औषधापूर्वीं निदान करावें. बाहुलें भरपूर उजेडांत धरून सांध्याच्या मुळाशीं पाहावें. प्लॅस्टिकवर पांढुरकी रेघ उमटलेली दिसली तर तेथें ताण पडून आंतील वीण उसवूं लागली आहे असें समजावें आणि तो सांधा यापुढें फिरवूं नये. अशी रेघ नसेल तर पुढील उपाय करण्यास हरकत नाहीं.

आखडलेल्या सांध्याचीं कारणें तीन-चार आहेत. कारखान्यांत दिलेला रंग सांध्यांत उतरून गोंदासारखा धरून बसतो. नव्या बाहुल्यांत हें विशेष आढळतें. जुन्यांत धूळ, हाताचा तेलकटपणा आणि मऊ प्लॅस्टिकमधून कालांतरानें पाझरणारें चिकट द्रव्य यांचें किटण सांचतें. थंडींतहि प्लॅस्टिक कठीण होतें. पौषांतल्या पहांटे ताठ असलेला गुडघा दुपारच्या उन्हांत सहज वळतो तो यामुळेंच. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. थांबलेली वस्तु हलवावयास लागणारा जोर, ती हलूं लागल्यावर लागणाऱ्या जोरापेक्षां अधिक असतो. अडकलेला हात फिरवितांना पहिल्या धक्क्यालाच खुंटी पिळवटून तुटते, याचें कारण हें. त्या पहिल्या धक्क्याचाच जोर उतरविला पाहिजे, आणि तें काम ऊब करते.

वाटींत कढत पाणी घ्यावें, उकळतें नव्हे. साठ अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. उकळत्या पाण्यांत मऊ प्लॅस्टिकचें अंग वेडेंवांकडें होतें आणि तें सरळ करणें हा निराळाच उपद्व्याप होऊन बसतो. आखडलेला अवयव मिनिट-दोन मिनिटें बुडवून काढावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंस अगदीं जवळ धरावा आणि हळूहळू मागें-पुढें डोलवावा. लांबच्या टोकास, म्हणजे तळहातास किंवा पावलास, धरून पिळूं नये. टोकाकडून लावलेला जोर तरफेप्रमाणें कित्येक पट होऊन खुंटीवर येतो. एकदां न साधल्यास पुन्हां ऊब द्यावी. चार वेळां करावें लागलें तरी काय बिघडलें? खुंटी एकदांच तुटते. किटण असल्यास साध्या साबणाच्या पाण्यानें मऊ ब्रशानें धुवावें. मात्र आंत लोखंडी स्क्रू किंवा आंकडा असेल तर नंतर पाण्याचा थेंबहि आंत राहूं देऊं नये.

तेलाविषयीं घरोघरीं जी समजूत आहे ती येथें घातक आहे. बैलगाडीच्या आंखास वंगण घालतात, शिवणयंत्रास तेल देतात, म्हणून बाहुल्याच्या गुडघ्यासहि तेंच चालेल, असें नव्हे. तेथें धातूशीं धातु घांसत असतो. खनिज तेलें आणि गंज सोडविण्याचे फवारे कित्येक जातींच्या प्लॅस्टिकमध्यें शिरून, ताण असेल तेथें त्यास बारीक तडे पाडतात. खोबरेल तेल कालांतरानें खवट व चिकट होऊन धूळ धरतें. घालणेंच झालें तर शुद्ध सिलिकोन तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा अंश घालावा. त्याहून अधिक घातलेलें तेल आखडलेल्या सांध्याचा ढिला सांधा करतें एवढेंच.

आतां ढिला सांधा. याचा विचार करितांना कुऱ्हाडीचा दांडा डोळ्यांसमोर आणावा. दांडा सैल झाला कीं कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवण्याची युक्ति खेड्यांतून सर्वांस ठाऊक आहे. लांकूड फुगतें, दांडा घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशींचें काम भागतें. परंतु लोखंडाच्या डोळ्यांत कोंडलेल्या लांकडास बाहेर फुगावयास जागा नसल्यामुळें तें आंतल्या आंत चिरडलें जातें, आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षां बारीक होतें. कुऱ्हाड अधिकच खिळखिळी होते. ज्यास काम टिकाऊ हवें तो दांड्यांत पाचर मारतो, म्हणजे झिजून गेलेली जागा भरून काढतो. बाहुल्याच्या सांध्यासहि पाचरच हवी; फक्त ती कागदाहून पातळ.

सांधा उकलतां येत असेल तर अवयव कोमट करून खुंटी बाहेर काढावी आणि तिच्यावर लांकडास लावावयाच्या पांढऱ्या गोंदाचा एक पातळ हात द्यावा. तो पूर्णपणें वाळून पारदर्शक झाल्यावरच खुंटी पुन्हां बसवावी. एक अहोरात्र थांबणें उत्तम. येथें गोंदाचा उपयोग चिकटविण्यासाठीं नसून जाडी वाढविण्यासाठीं आहे. हा गोंद गुळगुळीत प्लॅस्टिकला फारसा धरत नाहीं, आणि हाच त्याचा गुण. जास्त झाला तर कोमट पाण्यांत भिजवून नखानें सोलून काढतां येतो. केलेलें परत मागें घेतां येणें ही अशा कामांत फार मोठी सोय आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याजवळ टेफ्लॉनची पांढरी पातळ पट्टी असते. तिचा एक वेढाहि खुंटीवर चालतो. टेफ्लॉन निसरडें असतां सांधा घट्ट कसा होतो, अशी शंका येईल; पण येथें काम पट्टीच्या जाडीचें असतें. नखांस लावावयाचें रंगहीन पॉलिश कित्येक जण सुचवितात. त्यांतील द्रावक पुष्कळ प्लॅस्टिकांस विरघळवितें. तें दूर ठेवणेंच शहाणपणाचें.

सांधा उकलत नसेल तर किंचित् पातळ केलेला पांढरा गोंद सुईनें फटींत सोडावा आणि तो वाळेपर्यंत मधून मधून अवयव फिरवीत राहावें, म्हणजे थर बसतो पण सांधा धरत नाहीं.

गोव्याच्या त्या लहान सैनिकांचें कंबरेंत तुटणें हा प्रकार मात्र निराळा. त्यांच्या पोटांत एक बारीक रबरी कडें असतें. पायांस जोडलेल्या धातूच्या आंकड्यांतून तें कंबरेच्या तुकड्यांतून वर जातें आणि छातींतील खुंटीस अडकतें. सारें धड त्याच्याच ताणावर उभें असतें. रबर हवेनें आणि वयानें कडक होतें, त्यास भेगा पडतात आणि एके दिवशीं तें तुटतें. सैनिकाचे दोन तुकडे होतात, पण त्याचा एकहि भाग मोडलेला नसतो! पाठीवरचा एकच स्क्रू योग्य मापाच्या पेंचकसानें उघडावा, जुन्या रबराचे कण झटकावे, हातांची डावी-उजवी बाजू ध्यानांत ठेवावी आणि त्याच मापाचें नवें कडें घालून पाठ लावावी. नवें कडें फार आखूड घेतल्यास कंबर ताठ होते आणि आंकड्यावर नको तितका ताण येतो. लांब घेतल्यास सैनिक डुलतो. स्क्रू आवळतांना तो टेंकला कीं हात थांबवावा. प्लॅस्टिकमध्यें कापलेला आटा एकदां गेला म्हणजे तो पुन्हां पकडत नाहीं. पुढें खेळणीं ठेवून द्यावयाचीं तीं हातपाय सरळ करून आणि उन्हापासून दूर ठेवावीं.

आजीच्या पेटींत कचकड्याची बाहुली सांपडली तर वरील कांहीं उपाय तिला लागू नाहींत. तिचे हातपाय पोटांतून गेलेल्या ताणलेल्या रबरी दोरीनें जोडलेले असतात. ती दोरी बदलतां येते. पण कचकडें म्हणजे सेल्युलॉईड हें अत्यंत ज्वालाग्राही असतें. त्यास कढत पाणी, केंस वाळविण्याचें यंत्र, दिवा, अगरबत्ती यांपैकीं कशाचीहि ऊब दाखवूं नये, आणि नखांचा रंग काढण्याचें द्रव्य तर त्याच्या जवळहि आणूं नये. त्यानें तें विरघळतें.

लांकडी बाहुल्याचा सांधा पावसाळ्यांत आखडतो, कारण लांकूड हवेंतील ओल पिऊन फुगतें. अशा वेळीं खुंटी कानशीनें घांसण्याची घाई करूं नये; घांसलेली खुंटी कोरड्या दिवसांत सैल पडते. कोरड्या साबणाची वडी किंवा मेणबत्ती खुंटीवर फिरविली तर बहुतेक काम होतें. तेवढ्यानेंहि न सुटल्यास श्रावणांत आखडलेला हात दिवाळीपर्यंत तसाच राहूं द्यावा. बहुधा तो आपण होऊन सुटतो.