चौतीस आणि चौसष्ट

देहूरोड-चाकण पट्ट्यात पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबं मराठवाड्यातली. तिकडच्याच उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कुणाची कोणती तपासणी, ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरलं. कुठे या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठे पेशी तपासणारी पॅप चाचणी, कुठे ॲसिटिक आम्ल लावून नुसती नजर: बिघडलेला भाग पांढरा पडतो. काही गावांत फक्त नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले. एचपीव्ही गटात ३४, नेहमीच्या सेवेत ६४. दोन्हीकडे बायका साधारण सारख्याच. तपासणी एकदाच झालेली! दवाखान्यात बसून हा फरक कुणालाच दिसला नसता. तपासणीविना राहिलेल्या गटावरून मात्र पुढे वाद झाला, आणि तो रास्तच होता.