शंभर कोटींतला एक

कांद्याची लागवड पंधरा बाय दहा सेंटीमीटरवर केली, तर गेवराईतल्या एका एकरात सुमारे 2 लाख 70 हजार रोपं बसतात. पातीवर जांभळा करपा जोरात आहे, दर रोपावर दहा ठिपके आणि दर ठिपक्यावर हजार बीजाणू आहेत, असं हिशेबापुरतं धरू. एकूण 270 कोटी बीजाणू! भारताच्या लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट, एका एकरात.

डीएनएची नक्कल निघताना ठरावीक एका अक्षराची चूक ढोबळमानाने शंभर कोटींत एकदा होते. म्हणजे औषधाला न जुमानणारे दोन-तीन बीजाणू पंप पाठीवर घेण्याआधीच त्या पातीवर असू शकतात. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे, की एवढी एक चूकही पुरते. अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक बुरशीचं श्वसन रोखतं. जांभळ्या करप्याच्या बुरशीची जवळची नातलग असलेल्या, टोमॅटो-बटाट्यावर करपा आणणाऱ्या आल्टरनेरिया सोलॅनीच्या श्वसनातल्या एका प्रथिनात 129व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं. अमेरिकेतल्या बटाट्यावर हे औषध आल्यावर काही हंगामांतच असे नमुने सापडले. प्रयोगशाळेत त्यांना रोखायला दहा-पंधरापट मात्रा लागली.

ही मात्रा मोजतात कशी? खाद्यमाध्यमात औषध मिसळायचं, त्यावर बुरशीची पाच मिलिमीटरची चकती ठेवायची आणि वाढ निम्म्यावर कुठे येते ते पाहायचं. मात्रा 0.01 पीपीएमपासून 100 पर्यंत, दर वेळी दहापट. 0.01 पीपीएम म्हणजे पंधरा लिटरच्या पंपात मिठाच्या दोन-तीन कणांएवढं औषध. तरीही त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये अझॉक्सिस्ट्रोबिनचे सुमारे पंधरा लाख कोटी रेणू असतात.

आणि नमुने किती घ्यायचे? न जुमानणारे बीजाणू शेतात एक टक्का झाले असतील, तर त्यातला निदान एक हाती लागण्याची 95 टक्के खात्री हवी असल्यास जवळपास 300 नमुने तपासावे लागतात. पाच मात्रा, एक बिनऔषधी, प्रत्येकी तीन पेट्री डिश: 5,400 डिश. दर डिशला वीस मिलिलिटर धरलं तर 108 लिटर माध्यम. आणि आपल्या एकरात तो एक टक्का म्हणजे तोवर 2 कोटी 70 लाख बीजाणू झालेले.

म्हणून तपासणी औषध लागू पडतंय तोवरच सुरू व्हायला हवी. जिथे ते कधीच मारलेलं नाही, तिथली बुरशी आज जपली तरच उद्याचा आकडा ताडून पाहता येईल. खामगावचं कृषी विज्ञान केंद्र गेवराई तालुक्यातच आहे, परभणीचं कृषी विद्यापीठही लांब नाही. पहिले नमुने येत्या रब्बीतच घ्यावेत.