पिकन बार्क आणि चॉकलेटचे स्फटिक

अमेरिकेत शरद ऋतूत पिकनच्या झाडांवरून दाणे गळू लागले, की थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत अनेक घरांत 'बार्क' होतो: चॉकलेटचा पातळ थर, वर भाजलेले पिकन, आणि थिजल्यावर हाताने मोडलेले वेडेवाकडे तुकडे. कृती एवढीच. सारे कसब चॉकलेट थिजवण्यात आहे.

कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकते. आपल्याला हवा पाचवा. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणूनच तुकडा बोटांत कडक राहतो नि जिभेवर विरघळतो. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून जुने स्फटिक मोडायचे, मग त्यात न वितळवलेल्या चॉकलेटचा कीस घालून ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचे. किसातले स्फटिक विरजणासारखे काम करतात. हा टप्पा गाळला, तर चॉकलेट मऊ राहते, काही दिवसांत पांढुरके पडते. ती बुरशी नव्हे, खुशाल खावे. भांड्यात पाण्याचा थेंब मात्र नकोच, सारे घट्ट आणि रवाळ होते.

पिकनमध्ये वजनाच्या सुमारे ७० टक्के तेल असते, तेही बहुतांशी असंतृप्त. त्यामुळे तो लवकर खवट होतो. ताजेच घ्या, मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच पेरा. गरम दाणे जमवलेले स्फटिक पुन्हा वितळवतात.