जहाज, व्हिसा आणि वर्धा

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्रावरून येणाऱ्या माणसाला वर्धा कधी आडवाटेचे गाव वाटले नाही. याचे कारण रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि वाटेवरचे वर्धा मुंबई बंदराशी जोडले गेले. दिल्ली-चेन्नई मार्गही याच जिल्ह्यातून जातो. पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाणारे सेवाग्राम स्थानक त्या मार्गावर आहे, हिंगणघाटही त्याच मार्गावर आहे. म्हणजे बोटीने मुंबईला उतरणारा आणि बोटीने चेन्नईला उतरणारा, दोघांनाही वर्धा जिल्हा थेट गाडीने गाठता येतो. आजच्या क्रूझ जहाजांच्या वेळापत्रकात हीच दोन बंदरे वारंवार दिसतात.

मी वर्ध्यात राहतो. परदेशात स्थायिक झालेली आमच्या भागातली मुले, त्यांचे जोडीदार, सेवाग्राम पाहायला येऊ इच्छिणारे त्यांचे मित्र, यांच्या येण्याजाण्याच्या कागदपत्रांत गेली काही वर्षे मला लक्ष घालावे लागते. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. विमानाने येणाऱ्याचा व्हिसा सहसा अडत नाही, क्रूझने येणाऱ्याचा मात्र अडतो. कारण विमानाचा प्रवासी देशात एकदा येतो आणि एकदा जातो. जहाजाचा प्रवासी एकाच सहलीत देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येतो, आणि हे बाहेर जाणे त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. या लेखात मला तेवढेच नीट उलगडून सांगायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

परदेशातून हिंदुस्थानात पाय ठेवण्यासाठी कागद दाखवण्याची सक्ती फार जुनी नाही. ॲनी बेझंट १८९३ मध्ये आल्या, भगिनी निवेदिता १८९८ मध्ये आल्या, तो काळ पासपोर्टच्या सक्तीचा नव्हता. पहिल्या महायुद्धात निर्बंध आले आणि युद्ध संपल्यावर १९२० च्या पासपोर्ट कायद्याने ते कायम झाले. मॅडलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, १९२५ च्या नोव्हेंबरात बोटीने मुंबईला उतरल्या, तेव्हा हा कायदा लागू होता. पुढे १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले, १९४० मध्ये त्या शेगावचे सेवाग्राम झाले, आणि बोट, मुंबई, रात्रीची गाडी, वर्धा ही वाट जगभरच्या लोकांच्या पायाखालची झाली. इटलीचे लान्झा देल वास्तो १९३७ मध्ये वर्ध्याला पोहोचले आणि गांधीजींकडून शांतिदास हे नाव घेऊन परतले.

पण त्या काळातही खरा पहारा मुंबईच्या धक्क्यावर नव्हता. जमनालाल बजाज यांच्या सल्ल्यावरून गोंडांमध्ये काम करायला निघालेले व्हेरिअर एल्विन १९३२ मध्ये इंग्लंडला गेले. तिथून परतताना त्यांना पासपोर्ट सहज मिळाला नाही. राजकारणापासून दूर राहीन अशी लेखी हमी दिल्यावरच त्यांची वाट मोकळी झाली. ते जन्माने इंग्रज आणि हिंदुस्थानवर राज्य इंग्रजांचे, तरीही त्यांना अडवले गेले ते लंडनमध्ये, बोटीत चढण्याच्या आधी.

स्वातंत्र्यानंतर दार आपल्या हाती आले. १९४९ च्या डिसेंबरात शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली. सेवाग्रामचे सत्र २४ ते ३१ डिसेंबर असे चालले. दक्षिण आफ्रिकेतून डी. डी. टी. जबावू हे प्राध्यापक या परिषदेसाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजातून आले, आणि त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी आपल्या खोसा भाषेत लिहून १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. सेवाग्रामचे वर्णन खोसा भाषेत वाचले गेले ते या सागरी वाटेमुळे.

आता आजच्या नियमांकडे येऊ. एल्विन यांना लंडनमध्ये आला तो अनुभव आजच्या क्रूझ प्रवाशाला दुबईला किंवा सिंगापूरला येतो. व्हिसा तपासणारा पहिला माणूस भारत सरकारचा नसतो, जहाज कंपनीचा असतो. त्याचेही कारण कायद्यात आहे. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी भारतात आणणाऱ्या विमान वा जहाज कंपनीवर २००० सालच्या कायद्याने एक लाख रुपये दंडाची तरतूद केली. १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा, १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा हे चारही जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. पण वाहकाची जबाबदारी त्यातही कायम आहे. त्यामुळे जहाजाच्या जिन्यापाशी उभा असलेला कर्मचारी तुमच्या कागदाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त काटेकोर असतो. ‘आम्ही मुंबईत उतरणारच नाही, जहाजातच बसून राहू’ हे उत्तरही बहुतेक कंपन्या मान्य करत नाहीत. जहाज भारतीय बंदराला लागणार असेल, तर व्हिसा दाखवा, नाहीतर चढू नका, असा त्यांचा खाक्या असतो.

आता प्रवेशांचा हिशेब. पर्यटकांसाठीची ऑनलाइन व्हिसाची सोय भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली, तेव्हा ती नऊ विमानतळांपुरती होती. २०१७ पासून ती बंदरांनाही लागू झाली आणि मुंबई, गोवा, मंगळूर, कोची व चेन्नई ही बंदरे यादीत आली. ई-व्हिसावर देशात शिरता येते ते यादीतल्या ठिकाणांवरूनच. बाहेर पडताना मात्र कोणतेही अधिकृत तपासणी नाके चालते. या यादीत वेळोवेळी भर पडते, म्हणून आपल्या जहाजाचे भारतातले प्रत्येक बंदर त्यात आहे का, हे आधी पाहावे.

पर्यटक ई-व्हिसा तीन मुदतींचा मिळतो: तीस दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षे. तीस दिवसांच्या व्हिसावर दोनदाच प्रवेश करता येतो. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसावर कितीही वेळा येता येते. जहाज मुंबईहून गोव्याला आणि गोव्याहून कोचीला गेले, तर तो नवा प्रवेश धरला जात नाही, कारण मध्ये परदेशी बंदर आलेले नसते. पण कोचीहून कोलंबोला जाऊन ते चेन्नईला आले, तर चेन्नईचा प्रवेश वेगळा मोजला जातो.

माझ्या मामेबहिणीच्या यजमानांचे उदाहरण घेतो. ते जन्माने अमेरिकी. हिंगणघाटला भाच्याचे लग्न होते म्हणून दोघे शारजाहून विमानाने नागपूरला आले, आठवडाभर राहिले आणि शारजालाच परतले. दुबईहून जहाज धरायचे, मुंबई, गोवा, कोची, कोलंबो करत चेन्नईला उतरायचे, आणि तिथून गाडीने पुन्हा हिंगणघाटला येऊन शेवटचा आठवडा मामींजवळ काढायचा, असा त्यांचा बेत होता. मामी अठ्ठ्याऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. सारे मिळून एकोणतीस दिवस होत होते, म्हणून एका एजंटाने तीस दिवसांचा ई-व्हिसा काढून दिला. दिवस पुरत होते, पण प्रवेश पुरत नव्हते. नागपूर एक, मुंबई दोन, चेन्नई तीन. हे दुबईच्या धक्क्यावर कंपनीच्या मुलीने बोटे मोजून दाखवले. पुष्कळ बोलणी झाल्यावर कोलंबोला उतरण्याच्या अटीवर त्यांना चढू दिले. बहिणीकडे ओसीआय कार्ड होते, तिला अडचण नव्हती. कोलंबोहून यजमान विमानाने अमेरिकेला गेले आणि बहीण एकटी चेन्नईला उतरून घरी आली. मामी तिला आठवडाभर एकच विचारत होत्या, ‘जावईबुवा कधी येऊन राह्यले?’

अनेक देशांच्या नागरिकांना तीस दिवसांच्या ई-व्हिसाचे शुल्क जुलै ते मार्चमध्ये २५ डॉलर आणि एप्रिल ते जूनमध्ये १० डॉलर असते. एका वर्षाचे ४० डॉलर, पाच वर्षांचे ८० डॉलर. बँकेचा आकार वेगळा. म्हणजे इथे पंधरा डॉलर वाचले आणि जावयाचा मुक्काम हुकला. ज्या सहलीत कोलंबो, माले अशी परदेशी बंदरे भारतीय बंदरांच्या मधे येतात, तिथे एक वर्षाचाच व्हिसा घ्यावा, असे मी सर्वांना सांगतो. शिवाय त्या मधल्या देशांचे परवाने वेगळे लागतात, तेही तपासावेत.

दुसरा हिशेब तारखांचा. तीस दिवसांच्या ई-व्हिसासाठी येण्याच्या जास्तीत जास्त तीस दिवस आधी आणि कमीत कमी चार दिवस आधी अर्ज करायचा असतो. एक व पाच वर्षांच्या व्हिसासाठी १२० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. आता समजा, जहाज युरोपातून निघून चाळीस दिवसांनी मुंबईला लागणार आहे. कंपनीला व्हिसा हवा चढतेवेळी, आणि तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज उघडणार तुम्ही भर समुद्रात असताना. लांबच्या सहलीसाठी तो व्हिसा उपयोगाचा नाही, तो यामुळे.

मुदत कधीपासून मोजायची, याबद्दलही गोंधळ होतो. तीस दिवसांच्या ई-व्हिसाचे दिवस पहिल्या प्रवेशापासून मोजतात. मंजुरीपत्रावरची अंतिम तारीख ही त्या तारखेच्या आत देशात यावे, एवढ्यासाठी असते. भारतीय दूतावासातून पासपोर्टवर चिकटवून मिळणाऱ्या व्हिसाची मुदत मात्र तो दिला त्या दिवसापासूनच चालू होते. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत, ही अट आहेच. मंजुरीपत्राची छापील प्रत जवळ ठेवावी, समुद्रात मोबाइलच्या भरवशावर राहू नये. अर्ज करताना संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो ना, ते पाहावे. सरकारी वाटतील अशी पण दामदुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

ई-व्हिसा सर्वांना मिळत नाही. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी पाकिस्तानात जन्मलेले वा तिथले कायम रहिवासी असतील, तर दूतावासातूनच अर्ज करावा लागतो. विदर्भातल्या सिंधी कुटुंबांच्या परदेशस्थ नातेवाइकांनी हे आधीच विचारून घेतलेले बरे, कारण तिथे आठवडे लागू शकतात. देशादेशांतले संबंधही मध्ये येतात. २०२३ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबले आणि ई-व्हिसा नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. त्या दोन महिन्यांत सहलीचे पैसे भरून बसलेल्यांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करता येते. म्हणून व्हिसा हाती आल्यावरच परत न मिळणारे पैसे भरावेत.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी ओसीआय कार्ड हा यावरचा कायमचा तोडगा आहे. ते आजीवन चालते आणि त्यावर कितीही वेळा येता येते. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी वंशाच्या जोडीदारालाही, लग्न नोंदवलेले असून दोन वर्षे टिकलेले असेल, तर त्यासाठी अर्ज करता येतो. आमच्या जावईबुवांनी आता तो अर्ज केला आहे.

शेवटी आपल्या, म्हणजे यजमानांच्या बाजूचे. मुंबईला जहाज एखादा दिवस थांबते. तेवढ्यात वर्ध्याला येऊन परत जाणे जमत नाही, कारण एका बाजूच्या गाडीलाच अर्धा दिवस लागतो. म्हणून पाहुण्यांना सहल मुंबईत किंवा चेन्नईत संपेल अशी निवडायला सांगावे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. बहुतेक लोक तिला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. ही नोंद हॉटेलांप्रमाणे धर्मशाळा, आश्रमांची अतिथीगृहे आणि घरी पाहुणा ठेवणाऱ्यांनाही लागू आहे. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते, आणि नोंद कशी करायची हे पाहुणा येण्याआधीच तिथे विचारून ठेवता येते. घरी माणूस यायचा आहे म्हणताना आपण गाद्या काढतो, पाणी भरतो, गाडीची वेळ पाहतो. पाहुणा बोटीने येणार असेल, तर त्याच्या जहाजाचे वेळापत्रक मागवून घ्यावे आणि तो भारतात किती वेळा शिरणार, ते पेन्सिलीने मोजावे. पाच मिनिटांचे काम आहे.