कारखान्यांची परदेशवारी

बहुराष्ट्रीय कंपनी म्हटली की ती परदेशातून आपल्याकडे आलेली, असाच आपला समज असतो. परंतु मराठी मुलखातील कारखानदारही आज परदेशांत कारखाने चालवितात. करजगीसारख्या सीमेवरील गावांतून पोटासाठी पुण्याकडे जाणाऱ्या तरुणांची रोजीरोटी अशा कारखान्यांच्या यशापयशावर अवलंबून असते. म्हणूनच कंपनीने परदेशात किती वेगाने जावे, हा प्रश्न केवळ भांडवलवाल्यांचा नाही.

जुनी रीत सावकाशीची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. १९१० साली औंधच्या राजांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. त्याच घराण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडातील एस.पी.पी. ही पंप करणारी कंपनी विकत घेतली, ती मात्र २००३ साली.

ही चाल शास्त्राला धरूनच होती. योहानसन आणि वाल्ने या स्वीडनमधील अभ्यासकांनी १९७७ साली असे मांडले की, कंपनी परदेशात पायरीपायरीने जाते. प्रथम माल पाठविते, मग अडत्या नेमते, नंतर स्वतःची विक्रीकचेरी उघडते आणि अखेरीस कारखाना काढते. प्रत्येक पायरीवर तेथील भाषा, कायदा आणि गिऱ्हाईक यांची ओळख वाढते, आणि त्या ओळखीच्या बळावर पुढचे पाऊल पडते.

मग हा वेग एकाएकी वाढला कशाने? १९९१ साली आपले आर्थिक धोरण बदलले आणि २००० साली विदेशी चलनाचा नवा, सौम्य कायदा अमलात आला. परदेशात पैसा गुंतविणे त्यामुळे सोपे झाले. शिवाय मोटारींचे मोठे कारखानदार आपल्याला भाग पुरविणाऱ्याने एकाहून अधिक खंडांत उपलब्ध असावे, अशी अपेक्षा करू लागले. नवा कारखाना उभारण्यास वर्षे लागतात. तयार कारखाना विकत घेतला की त्याबरोबर कुशल कामगार आणि बांधलेली गिऱ्हाइकेही मिळतात.

पुण्याजवळ मुंढवा येथील भारत फोर्ज या कंपनीने हाच मार्ग धरला. १९६१ साली स्थापन झालेल्या या कंपनीने २००४ च्या सुमारास जर्मनीतील कारखाना घेतला. २००५ साली अमेरिकेतील लान्सिंग व स्वीडन येथील कारखाने घेतले आणि लगेच चीनमध्ये भागीदारी केली. चार दशकांत जे झाले नव्हते, ते दोन-तीन वर्षांत झाले.

तोच २००८ चे जागतिक मंदीचे संकट आले. मोटारींची मागणी घटली. पुढे लान्सिंगचा कारखाना बंद पडला आणि चीनमधील भागीदारीतूनही कंपनी बाहेर पडली. जर्मनीतील काम मात्र दीर्घकाळ चालले. तेव्हा वेगाने जाणे ही चूकच, असे म्हणता येणार नाही. विकाऊ कारखाना आपली वाट पाहत थांबत नाही, आणि मंदी कोणाला सांगून येत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पैशाने यंत्रे व इमारत एका दिवसात आपली होतात. तेथील माणसांची ओळख आणि कामाची रीत तशी होत नाही. दोन्हीकडची रीत जाणणारी अनुभवी माणसे कोणत्याही कंपनीत मूठभरच असतात. एकाच वेळी चार देशांत ती कोठवर पुरणार? पाऊस एकदम कोसळला तर काळ्या रानातही पाणी वाहून जाते. मुरते ते संथ पडलेले. कंपनीच्या वेगाची मर्यादा तिच्या तिजोरीपेक्षा तिच्या पचनशक्तीने ठरते.

ही मर्यादा ओलांडली गेली म्हणजे तोट्याचा आकडा हिशेबाच्या वहीत दिसतो खरा. परंतु तो भरून काढण्याची पाळी पुष्कळदा कामगारावर येते, मग तो लान्सिंगचा असो वा आपल्या भीमाकाठचा.