बी पेरलं आणि समुद्रात कुरण उगवलं

पाण्याखाली हिरवं काही डोललं की आपण 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. समुद्री गवत मात्र शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. परागीभवनसुद्धा पाण्याखालीच! मी या गवताच्या प्रेमात पडलो तो इथेच.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यालगतच्या खाड्यांमध्ये झोस्टेरा मरीना या गवताची दाट कुरणं होती. १९३०च्या दशकात रोग पडला, पानं काळी पडून झडली. उरलंसुरलं १९३३च्या चक्रीवादळाने नेलं. गवताच्या आसऱ्याने वाढणारे स्कॅलप नावाचे शिंपलेही संपले, त्यांच्यावरचा धंदा बसला. पुढे कित्येक दशकं तळ उजाड. पाणी तसं स्वच्छ होतं, पण बी येणार कुठून?

१९९०च्या दशकाच्या शेवटी एक छोटा पुंजका सापडला. मग शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी दुसरीकडच्या कुरणांतून बी गोळा करून चक्क पेरणी केली. दोनेक दशकांत ७ कोटींहून जास्त बिया! आज तिथे सुमारे ३,६०० हेक्टर गवत आहे, स्कॅलपही पुन्हा सोडलेत.

शेजारच्या चेसापीक उपसागराची गोष्ट इतकी गोड नाही. तिथे १९८४पासून जवळपास दरवर्षी विमानातून फोटो काढून गवताचा नकाशा करतात. खतांच्या पाण्याने माजलेलं शेवाळ आणि गाळ ऊन अडवतात. २००५च्या कडक उन्हाळ्यात तर मोठमोठे पट्टे मेले.

समुद्री गवत कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका.