बाळ फुगलं म्हणून औषध बंद करू नका

झोपेतून उठलेलं सहा महिन्यांचं बाळ एकदम मान खाली घालतं, दोन्ही हात पसरतं, कमरेत वाकतं आणि सैल पडतं. काही सेकंदांत पुन्हा तेच. असे झटके ओळीनं येतात. घरातले म्हणतात, पोटात कळ येत असेल. मग बेंबीभोवती हिंग आणि ग्राइप वॉटर. पण हा ‘वेस्ट सिंड्रोम’ असू शकतो, तान्ह्या बाळांमधला गंभीर अपस्मार. डॉ. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी १८४१ मध्ये आपल्याच मुलाचे असे झटके ‘लॅन्सेट’मध्ये लिहून सल्ला मागितला होता. एसीटीएच या हार्मोनचा गुण मात्र १९५८ मध्ये दिसला.

‘हार्मोन’ ऐकलं की अनेकांना वाटतं, मूल अवेळी वयात येईल. एसीटीएचचा तसा संबंध नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं हे हार्मोन मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावतं. एसीटीएचचं इंजेक्शन महाग पडतं, म्हणून आपल्याकडे बऱ्याचदा प्रेडनिसोलोन हे स्वस्त स्टेरॉइड तोंडाने देतात.

या औषधांचा त्रास होतोच, तो लपवू नये. भूक वाढते, गाल गोल होतात, बाळ रात्रभर किरकिरतं. कुणी म्हणतं ‘बाळसं धरलं’, कुणी म्हणतं ‘किडनी गेली’. दोन्ही चूक. ही सूज बहुधा औषध संपल्यावर काही आठवड्यांत उतरते. खरी काळजी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची: वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर आणि जंतुसंसर्ग. म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. ताप, काळी शी, सारख्या उलट्या किंवा सुस्ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर असेल, तर बाळाला त्यांच्यापासून लांब ठेवून डॉक्टरांना कळवावं. गोवरासारखी जिवंत लस कधी द्यायची, हेही त्यांनाच विचारावं.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘झटके थांबले, आता औषध पुरे’. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. औषध अचानक तोडलं तर बाळ गळून पडतं, रक्तदाब आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डोस हळूहळूच कमी करतात. पुढे काही महिने ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर ‘याला स्टेरॉइड दिलं होतं’ हे आधी सांगावं. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं.

आणि ‘दुसरं साधं फिटचं औषध चालेल’? या झटक्यांवर ती औषधं बहुतेकदा कमी पडतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असलेल्या बाळांना मात्र आधी व्हिगाबॅट्रिन हे औषध देतात. त्याने कडेचं दिसणं कमी होऊ शकतं, म्हणून डोळे तपासत राहावं लागतं.

उपचाराला उशीर झाला की बाळाचा विकास मागे पडण्याची भीती वाढते. अक्कलकोट असो की सांगोला, झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये बालरोग विभाग आहे. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं, पण त्यांच्या पुढच्या फेरीची वाट पाहत बसू नका.